कोचाचं दुखणं

आमच्या चिलोए बेटावर जागा बदलायची तर घरासकट बदलतात. एर्सिलियाचा नवरा एलीअस मासेमारीला गेला तो परतलाच नाही, तेव्हा तिने गाव गोळा केलं. "मला समुद्र दिसायला नको," एवढंच म्हणाली. आम्ही तिचं लाकडी घर ओंडक्यांवर चढवलं, बैल जुंपले आणि टेकडीपलीकडे ओढून नेलं. दोराला मीही हात लावला. संध्याकाळी तिने सगळ्यांना मटण वाढलं, सफरचंदाची दारू दिली, हसली. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

पुढे उन्हाळ्यात एलीअसचा कुत्रा, कोचा, मलूल झाला. दिवसभर चुलीपाशी आडवा. हाक मारली तर नुसतं शेपटीचं टोक हलवायचा.

"म्हातारा झालाय गं तो," नणंद ओर्फेलिना म्हणाली. "तू तरी कुठे तरणी राहिलीस, वहिनी?"

मला वाटलं, जंत असतील. कुणीतरी मेंढीची कच्ची आतडी टाकली असतील.

एर्सिलियाला मात्र रडू फुटलं. "हा गेला तर एलीअसची वाट बघणारं माझ्याशिवाय कोण उरलं?"

होडीने जनावरांची डॉक्टरीण येते, तिला दाखवलं. तिने छाती ऐकली, हिरड्या पाहिल्या, कानामागे गोचीड शोधले. ताप नव्हता. मग तिने पंजे उचलले.

"मावशी, याला फिरवता कुठे?"

"अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही हो तो!"

"मग तळवे एवढे झिजलेत कशाने? आणि बोटांत ही वाळू? रक्त तपासायला नेते मी. तोवर पहाटे जरा लक्ष ठेवा याच्यावर."

कोचामागे एकटीने जायची एर्सिलियाची छाती होईना, म्हणून तिने मला बरोबर घेतलं. उजाडताना कोचा निघाला. काटेरी झुडपांतून, टेकडी चढून, धापा टाकत थेट जुन्या जागेवर. तिथे खांबांचे खड्डे तेवढे उरले होते. पण पठ्ठ्याने भिंतीची जागा ओलांडली नाही. वळसा घालून, जिथे दार होतं तिथूनच आत गेला आणि एलीअसच्या बाकाच्या जागी समुद्राकडे तोंड करून बसला.

"चल, परत जाऊ," मी म्हटलं.

एर्सिलियाने ऐकलंच नाही. तीही वळसा घालून गेली. नसलेल्या उंबऱ्यापाशी तिने बूट झटकले, आत जाऊन कोचाशेजारी बसली आणि किती तरी महिन्यांनी समुद्राकडे पाहिलं. मी बाहेरच थांबले. मला आत जाववेना.

रक्तात काही निघालं नाही. परवा ओर्फेलिना तिला म्हणाली, "वहिनी, हल्ली तूही दिवसाढवळ्या डुलक्या काढतेस. डॉक्टरला दाखव कुणातरी."

"कोचाचंच दुखणं आहे गं," एर्सिलिया म्हणाली आणि वाळूने भरलेले बूट तिने पायाने हळूच दाराआड सारले.