वन्संचा फोनवर्ग

माझ्या नणंदेने बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर वन्सं दोन घटका स्वस्थ बसतील, अशी मला वेडी आशा होती. कसलं काय! आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की हल्लीची मुलं फोनवर जगातलं सगळं करतात, फक्त बोलत नाहीत. दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची तरी आईला पुढे करतात.

झालं. वाचनालयाची मागची खोली मागून घेतली आणि दर शनिवारी सकाळी सोळा ते वीस वर्षांच्या मुलामुलींचा वर्ग सुरू केला. फुकट. शिकवणारेही फुकटच. प्लंबरकाका गळका नळ दुरुस्त करायला शिकवायचे. मला, न विचारता, बटणं आणि इस्त्रीला जुंपलं. फोनचं खातं अर्थातच वन्संकडे.

खोलीत मधोमध एक पडदा, दोन्ही बाजूंना एकेक बंद पडलेला फोन. पडद्यामागे वन्सं. कधी खेकसणारा कारकून, कधी "साहेब जेवायला गेलेत", कधी नुसतीच जांभई. मुलांनी न डगमगता काम सांगायचं, समोरच्याचं नाव विचारून वहीत टिपायचं, आणि पुढे काय होणार हे कळल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मुलं हसून हसून बेजार व्हायची, पण शिकली बरं का.

एक सोडून. तिला सगळे 'हूं' म्हणायचे. अठरा वर्षांची, अभ्यासात पुढे, पण वन्संनी पडद्याआडून जरा आवाज चढवला की "हूं" म्हणून फोन ठेवून मोकळी.

एका शनिवारी साडेअकराला ती पांढरीफटक होऊन आली. नर्सिंगच्या कॉलेजात तिची जागा लागली होती. आता निरोप आला होता की प्रमाणपत्र मिळालेलं नाही, दुपारी एकपर्यंत पूर्तता झाली नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला. प्रमाणपत्र तिने सोमवारीच पाठवलं होतं, पोचही होती. सकाळपासून तीन मेसेज केले, कुणी बघितलेसुद्धा नव्हते. कॉलेज बसने पाच तासांवर.

"बाई, तुम्ही बोला ना," ती वन्संना म्हणाली.

"साडेबारापर्यंत तू बोलायचं. त्यानंतर मी."

माझं डोकंच फिरलं. "वन्सं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे! तुमचा वर्ग घाला चुलीत!"

"वहिनी, उद्या वॉर्डात पेशंट अत्यवस्थ झाला, तर डॉक्टरांना फोन करायला मी जाऊ का?"

मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पटलं म्हणून नाही, साडेबारा चुकायला नकोत म्हणून.

पहिल्या फोनला ती "हॅलो" म्हणाली आणि घाबरून कट केला. दुसऱ्यांदा लाइन बिझी. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, "मॅडम जागेवर नाहीत."

"हूं," ती म्हणाली. फोन कानावरून खाली यायला लागला. मी डोळेच मिटले.

"आपलं नाव सांगता का?" तिचा आवाज आला. "आणि त्या नसतील तर दुसरं कोण बघतं?"

नाव वहीत उतरलं. फोन दुसऱ्या टेबलावर गेला, मग तिसऱ्या. मध्ये ते रटाळ संगीत. बारा सत्तावीसला एक बाई खेकसल्या, इतक्या जोरात की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "घरात मोठं कुणी आहे का? त्यांना दे फोन!"

वन्संचा हात पुढे झाला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शब्दाच्या पक्क्या माझ्या वन्सं, पण त्यांनाही राहवलं नाही.

हूंने त्या हाताकडे पाहिलं आणि सरळ पाठ फिरवली.

"अर्ज माझा आहे, मॅडम. मीच बोलणार. प्रमाणपत्र सोमवारी पोचलंय. पोच क्रमांक सांगते, लिहून घ्या."

लिहून घ्या! प्लंबरकाकांच्या हातातला पाना खाली पडला. तिने एकेक आकडा सावकाश सांगितला. पलीकडे शोधाशोध झाली. मग बाई म्हणाल्या, "हो, आलंय. आमच्याकडूनच नोंद राहिली. जागा पक्की."

"आभारी आहे. तसं लेखी पाठवता का? मी फोनवर थांबते."

आणि थांबली की पठ्ठी! निरोप आला, बाईंचं नाव वहीत उतरलं, मगच तिने फोन ठेवला. खोलीत असा काही आरडाओरडा झाला की ग्रंथपाल धावत आले. वन्सं हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही रडले, लपवू कशाला?

तेवढ्यात हूंने पुन्हा एक नंबर लावला.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारलं गेलं.

"आई, मी. अगं मीच! हो, फोन करून बोलतेय. बस आधी खाली, सगळं सांगते."

ती वीस मिनिटं बोलत होती. प्लंबरकाकांचा तास खोळंबला होता. ते घसा खाकरायला लागले, तशा वन्सं त्यांच्यावर डाफरल्या, "लाइन चालू आहे, दिसत नाही का?"