अधिकृत यादी मिळाली

मंडळी, आज खरंच कंटाळा आलाय.

ऑनलाइन विश्वकोशात मी नाशिकच्या शहर बसमार्गांची यादी टाकली होती. बसमध्ये बसून, वहीत एकेक थांबा लिहून घेत सहा रविवार घालवले होते. आज सकाळी एका संपादकाने ती काढून टाकली. "हा विश्वकोश आहे, बसस्टँड नाही. ठेवायची असेल तर अधिकृत यादीचा पुरावा द्या."

भांडायचंही त्राण नव्हतं. दुपारी उन्हात सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो आणि चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांना विचारलं, "बसमार्गांची अधिकृत यादी मिळेल का?"

त्यांनी मान वर न करता काचेकडे बोट दाखवलं. "ती काय, लावलीये. माझ्या पुतणीने नेटवरून काढून दिली. लय कामाची आहे."

काचेवर माझीच यादी होती. मखमलाबादच्या गाडीला मळ्याच्या फाट्यावर मी चुकून दिलेला थांबासुद्धा तसाच होता. तिथे गाडी कधीच थांबत नव्हती.

मी हळूच म्हटलं, "साहेब, हा थांबा चुकलाय."

"चुकलाय कसा? कागदावर आहे म्हणून फुलवाल्या बायका टोपल्या घेऊन तिथे उभ्या राहायला लागल्या. आता रोज थांबते गाडी."

गपचूप घरी आलो. आता त्या संपादकाला काय लिहू, तुम्हीच सांगा. अधिकृत यादी मिळाली, पण ती तुम्हीच सकाळी काढून टाकलीत, असं?