सलिलची एकवीस मिनिटं

माझ्या मुलाची सर्वोच्च लीगमधली कारकीर्द एकूण एकवीस मिनिटांची झाली, आणि ती एकवीसच्या एकवीस मिनिटं मी पार्किंग लॉटमध्ये उभा होतो.

सलिल आइस हॉकीचा गोली. म्हणजे बर्फावरचा गोलकीपर. सांगलीच्या नातेवाइकांना हे समजावताना मी हात टेकले होते. "हॉकी होय? मग भारताकडनं का नाही खेळत?" असं माझा मावसभाऊ दर फोनला विचारायचा. मी इथे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. ओळखीच्या सगळ्यांची मुलं डॉक्टर, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. आणि आमचा एकुलता एक मुलगा, गोळीसारख्या सुटलेल्या रबराच्या चकतीसमोर स्वतःहून जाऊन उभा राहायचा! (तेही ब्रेकवाल्याच्या पोटी जन्मून!)

हे सगळं माधुरीमुळे झालं. माधुरी म्हणजे माझी बायको. सलिल सहा वर्षांचा असल्यापासून पहाटे पाचला त्याला रिंकवर न्यायची ती. मिशिगनच्या जानेवारीत, गाडीवरचा बर्फ खरवडून. पॅडचे तुटलेले पट्टे शिवायची, थर्मास घेऊन थंडगार बाकावर बसायची. तिला त्या खेळातलं सगळं कळायचं. मला एकच कळायचं, की ती चकती, तो पक, माझ्या मुलाकडे येतोय. आणि तो माझ्या मुलाकडे यायला लागला की मी उठायचो. "कॉफी आणतो," म्हणायचो. कधी "ऑफिसचा फोन आहे," म्हणायचो. एकदा तर "छत्री गाडीत राहिली," म्हणून गेलो. रिंकला छप्पर होतं!

घरी आल्यावर माधुरी विचारायची, "अहो, पक तो अडवतो, घाम तुम्हाला का येतो?"

कॉलेजनंतर सलिल खालच्या लीगमध्ये गेला. नऊ वर्षं. लहान लहान गावं, बसचे बारा-बारा तासांचे प्रवास, राखीव गोली म्हणून बाकावर बसणं. त्यातल्या सहाव्या वर्षी माधुरी गेली. आजारपण चार महिन्यांचं. हॉस्पिटलमध्येही ती फोनवर त्याच्या मॅचेस बघायची, आणि मी, सवयीनं, कॉफी आणायला जायचो.

आणि मग एका रविवारी सकाळी सलिलचा फोन आला.

"बाबा, आय गॉट कॉल्ड अप."

"कोणी बोलावलं?"

"वरच्या टीमनं, बाबा! त्यांचा बॅकअप गोली आजारी पडलाय. आज दुपारी गेम आहे, आणि तोही डेट्रॉइटमध्येच! मी खेळणार नाहीये, फक्त बेंचवर बसायचंय. पण तू ये. चार तिकिटं ठेवलीत."

"चार? मी, देसाई आणि वहिनी. चौथं कोणाचं?"

"ती सीट राहू दे, बाबा. तुझ्या बाजूची."

मी "बरं" म्हणालो.

देसाई माझा तीस वर्षांपासूनचा शेजारी. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात सत्य पाच मिनिटंही राहत नाही. सलिल पाहुण्या टीमकडून खेळणार हे मी दोनदा सांगूनही तो डेट्रॉइटची जर्सी घालून आला. "अरे, माझ्याकडे हीच आहे," म्हणाला. त्याच्या बायकोनं, शैलावहिनींनी, पर्समधून तिळाच्या वड्या नेल्या आणि आजूबाजूच्या लोकांना वाटल्या. "अवर बॉय," असं सांगत त्या बाकावर बसलेल्या सलिलकडे बोट दाखवत होत्या. मी निश्चिंत होतो. मुलगा दिसतोय, पण खेळत नाहीये. बापाला आणखी काय हवं!

वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांपैकी दुसऱ्याचं एक मिनिट उरलेलं असताना सलिलच्या टीमचा मुख्य गोली खाली पडला आणि उठेना. त्याला धरून आत नेलं. कोच वळला आणि त्यानं सलिलकडे बोट केलं.

सलिल उभा राहिला. मास्क घालण्याआधी त्यानं वर, आमच्याकडे पाहिलं. मी हात हलवला. मी हसलोसुद्धा. आणि मग माझे पाय आपोआप चालायला लागले.

"भावजी, कुठे?" वहिनी ओरडल्या.

"कॉफी!"

कॉफीच्या काउंटरपाशी मला गुदमरायला लागलं. समोर एक दार दिसलं. वाटलं, मिनिटभर हवा खाऊ. मी ते ढकललं, बाहेर आलो आणि मागे खट्ट असा आवाज झाला. दाराला बाहेरून मूठच नव्हती! कोट सीटवर. बाहेर पार्किंग लॉट आणि हिमवर्षाव.

मी अर्ध्या इमारतीला वळसा घालून मुख्य दाराशी पोचलो. तिथे एक धिप्पाड गार्ड होता.

"नो री-एन्ट्री, सर."

"माझा मुलगा आत गोलमध्ये उभा आहे!"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. साडेपाच फूट उंची, स्वेटर, भुवयांवर बर्फ. "सर," तो शांतपणे म्हणाला, "आज सकाळी एक जण म्हणाला, टीम त्याच्या मालकीची आहे."

मी त्याला मोबाइलमधला सलिलचा फोटो दाखवला. फोटोत सलिल मास्क घालून होता. तो कोणाचाही मुलगा असू शकला असता.

मग मी वहिनींना फोन लावला.

"भावजी, कुठे आहात? सुरू झालं!"

"मी बाहेर अडकलोय. आत घेत नाहीत."

"यांना पाठवू का?"

"नको! तोही बाहेर राहील. तुम्ही फक्त सांगा, काय चाललंय?"

शैलावहिनींनी आयुष्यात हॉकी पाहिलेली नव्हती.

"अगं बाई, पडला! सलिल पडला! ... उठला. ... परत पडला! भावजी, मुलगा फार पडतोय हो. नीट जेवतो ना?"

"वहिनी, गोली गुडघ्यांवर बसून अडवतात. पक कुठे आहे?"

"तो काळा तुकडा ना? तो मला दिसतच नाहीये!"

शेवटी मी फोन खिशात ठेवला आणि भिंतीला कान लावला. आत हजारो माणसं होती, सगळी डेट्रॉइटची. ती ओरडायला लागायची, आवाज चढत चढत जायचा, आणि मग एकदम सगळी मिळून हळहळायची. म्हणजे अडवला! माझ्या सलिलनं अडवला! आतल्या त्या सगळ्या लोकांचा विरस झाला की बाहेर बर्फात एक म्हातारा उड्या मारत होता. मी हळहळ मोजत होतो. नऊ. दहा. अकरा. गार्ड माझ्याकडे बघत होता. थोड्या वेळानं त्यानं आपले हातमोजे काढून मला दिले, पण आत सोडलं नाही.

मग एकदा हळहळ झाली नाही. भिंत हादरली. मी घाईघाईनं फोन लावला.

"भावजी, अभिनंदन!" वहिनींचा आवाज आनंदानं फुटत होता. "सलिलच्या मागे लाल दिवा लागला! सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत!"

मी खाली बर्फातच बसलो. तो दिवा गोल झाल्यावर लागतो, हे सांगायचं मला जिवावर आलं.

त्या एका गोलनं सलिलची टीम हरली. बाकी सगळे त्यानं अडवले होते.

मॅचनंतर खेळाडू बाहेर येतात त्या दारापाशी आम्ही थांबलो. सलिल आला. ओले केस, लाल डोळे. "बाबा, पाहिलंस?"

"एक नंबर!" मी म्हणालो. "काय अडवलेस रे! शेवटचा तर..."

"अरे कसला पाहतोय हा!" देसाई म्हणाला. "हा तर बाहेर कुडकुडत होता! आम्ही पाहिलं!"

सलिलनं माझ्या हातांतल्या त्या भल्यामोठ्या मोज्यांकडे बघितलं. "इट्स ओके, बाबा," म्हणाला, आणि टीमच्या बसकडे गेला.

दोन दिवसांनी त्याला परत खालच्या लीगमध्ये पाठवलं. मार्चमध्ये त्याचा खुबा गेला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता खेळणं विसरा. वय एकतीस. ना हार, ना भाषण. त्याची सामानाची बॅग कुरिअरनं आमच्या दारात आली, तेवढाच निरोप समारंभ.

तो घरी आला, कुबड्या घेऊन. आठवडाभर आम्ही दोघं भाजीबद्दल आणि हवेबद्दल बोलत होतो. मग एका दुपारी मी त्याला गोळ्या दिल्या आणि तिथेच उभा राहिलो.

"सलिल, मी त्या दिवशी कॉफीला नव्हतो गेलो रे. मला भीती वाटली. नेहमीच वाटायची. मी तुझी एकही मॅच पूर्ण पाहिलेली नाही."

"आय नो."

"तुला माहीत होतं?"

"लहानपणी मी आईला विचारायचो, बाबा कुठे आहे? ती म्हणायची, गाडी पार्क करतोय."

"संपूर्ण मॅचभर?"

"ती म्हणायची, बाबा पार्किंगच्या बाबतीत फार पर्टिक्युलर आहे."

आम्ही दोघंही हसलो. मग बराच वेळ मला त्याच्याकडे बघवेना.

"त्या दिवशी गोलमध्ये जाऊन मी परत वर पाहिलं," तो म्हणाला. "दोन सीट्स रिकाम्या होत्या. आय थॉट, चला, दोघंही आपापल्या नेहमीच्या जागी असतील. आई सीटवर, तू पार्किंगमध्ये." मग म्हणाला, "मला पण भीती वाटायची, बाबा. एव्हरी गेम. आधी उलटी व्हायची. आईला सांगितलं होतं, बाबाला सांगू नकोस."

म्हणजे आम्हा दोघांची भीती वीस वर्षं एकटीच्या पोटात ठेवून ती बाकावर बसत होती. आणि मला वाटायचं, तिला खेळ आवडतो.

आता सलिल ट्रॉयच्या रिंकवर लहान मुलींना गोलकीपिंग शिकवतो. जरासा लंगडतो, पण मुलींना ते दिसत नाही. मागच्या शनिवारी शिकवणी संपल्यावर त्यानं मला भाड्याचे स्केट्स घालायला लावले, दोन्ही काखांत धरून गोलपर्यंत नेलं आणि तिथे उभं केलं. वय वर्षं एकोणसत्तर. मग स्वतः लांब गेला आणि एक पक माझ्याकडे अगदी हळू, बाळाकडे चेंडू ढकलावा तसा ढकलला.

तो येताना मी पाहिला. जवळ आला, आणखी जवळ आला, आणि माझ्या दोन पायांच्या मधून आरामात आत गेला.

"बाबा!" सलिल तिकडून ओरडला. "यू स्टेड! तू जागेवरून हललाच नाहीस!"

मी मान डोलावली. स्केट्स घातल्यावर हलतात कसं, हे मला अजून कोणी शिकवलेलं नाही, हे त्याला सांगितलं नाही.