उशाशी लोखंड

सव्वा महिन्याच्या भाचीच्या उशाखाली आज अडकित्ता हाताला लागला आणि येलदरी धरणावरची, ओल्या जाळ्यांच्या वासाची ती होडी आठवली. तिथे मासेमारी करणारे काका जाळं सोडायचे, त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, वल्हं मारायच्या. मावशींचा खांदा दुखावला, म्हणून मी आणि माझ्या मित्रानं होडीला बॅटरीवरची मोटार लावली आणि होडी आपोआप सरळ जावी म्हणून ओपन-सोर्स ऑटोपायलट बसवला. पहिल्या दिवशी होडी नीट गेली. दुसऱ्या सकाळी मात्र घाण्याच्या बैलासारखी गोल फिरायला लागली. आम्ही सेटिंग बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, एकमेकांवर खेकसलो. काका जाळं मांडीवर घेऊन बसलेले. "न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या, मीच मारते वल्हं," मावशी खांदा दाबत म्हणाल्या. वैतागून होडी काठाला आणली आणि मी ऑटोपायलटच्या होकायंत्राची डबी उचलली, तर खाली वीतभर गोधडी आणि गोधडीत अडकित्ता! त्या लोखंडानंच होकायंत्राला चकवलं होतं. मित्र काही बोलणार, तेवढ्यात मावशी डबीकडे बघत ओशाळून म्हणाल्या, "नवं लेकरू हाय, एवढ्या पाण्यात जायलंय. नजर लागू नये म्हणून उशाशी लोखंड नको का?" आमचा राग कुठल्या कुठे गेला. काकांनी अडकित्ता उचलला आणि होडीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला. "लेकरू मोठं झालं आता. पायथ्याशी ऱ्हाऊ दे." होडी सरळ निघाली, आणि मावशी काठावर रिकाम्या हातांनी बघत उभ्या राहिल्या. आज भाचीच्या उशाखालचा अडकित्ता काढून टाकायलाच निघालो होतो. पण मग गोधडीत गुंडाळून पायथ्याशी सरकवला.