मामाजी आणि माझे चुळबुळणारे पाय

नीलकंठ सायकलवरून उतरला तेव्हा हसत होता. कामठ्याहून मामाजींचा हा पुतण्या काही चांगली बातमी घेऊन आला असं समजून मी चहा ठेवायला वळले, तर म्हणाला, "वहिनी, काका गेले." हसू तसंच ओठांवर. काहींचा चेहरा दुःखात असाच फसवतो... पण त्या वेळी मला त्याचा रागच आला.

मामाजी म्हणजे माझ्या यजमानांचे मामा. "तोंडाकडं नोको पाहू, पायाकडं पाह्य," असं सांगत. बैल घ्यायचा असो की सोयरीक जुळवायची, नातलग त्यांना पुढे करत. स्वातंत्र्याच्या पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपताच, ते मला पाहायला सालेकसाला आले. मुलगा मी आधीच मंडईच्या जत्रेत पाहिला होता आणि मला तो फार आवडला होता. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मी मान खाली घालून बसले. मामाजी बराच वेळ माझ्या लुगड्याच्या काठाकडे पाहत राहिले आणि उठलेच. "पोरगी राजी नाही जी. पाय पाहा, कसे चुळबुळ करून राहिले." पाहुणेही उठू लागले. बोलावं तर निर्लज्ज, न बोलावं तर सोयरीक गेली... तेवढ्यात आतून आत्या ओरडली, "चिखल्या झाल्या जी तिले! रोज बांधीच्या चिखलात रोवणी केली, पाय खाजून राहिले तिचे!"

सगळे हसले. सारा जन्म धानाच्या चिखलात गेलेल्या माणसाला हे कसं सुचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मामाजी पुन्हा खाली बसले आणि तोवर कुणीच विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "चिखल्या असू दे, बाई. राजी आहेस का?"

"हो," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की आईच लाजली.

पाय पाहायची सवय त्यांनी सोडली नाही, पण त्यानंतर ते विचारूही लागले. कितीदा तरी अंदाज चुकायचा, आणि चुकला की गडी खूश व्हायचा.

तेरावं झाल्यावर एका दुपारी आमचे हे ओसरीवर खांदे पाडून बसले होते. मामांच्या आठवणीनं व्याकूळ झालेत, असं मी ठरवूनच टाकलं. तरी विचारलं. "भूक लागली," म्हणाले. मी ताट वाढलं. पहिला घास तोंडाशी नेला, आणि मग त्यांना हुंदका फुटला...