मी परस्पर दिलेलं उत्तर

माझा नवरा ट्रक चालवायचा. तोंडावर मी त्याला आयुष्यभर 'अहो'च म्हणत आले. लिहिताना 'तो' म्हणते, एवढी मुभा या वयात घेते. त्यानं एकाच शेठकडे तीन तऱ्हेच्या ड्युट्या केल्या. एकीत तो रोज घरी यायचा, दुसरीत एक-दोन दिवसांआड आणि तिसरीत महिन्यातून एकदा. बायका मला विचारायच्या, कसे गं दिवस काढतेस एकटीनं? मी तोंड बारीक करून काहीतरी उत्तर द्यायची. ते बारीक तोंड खोटं होतं, हे मात्र कुणाला कधी कळू दिलं नाही.

लग्न झालं तेव्हा तो उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका सिंधी शेठचा टेम्पो चालवायचा. कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे उचलायचे, मुंबईच्या बाजारात टाकायचे, येताना कापडाचे तागे आणायचे. आम्ही अंबरनाथला चाळीत राहायचो. माझी आई चारचौघांत सांगायची की पोरीनं नशीब काढलं, रोज घरी येणारा ड्रायव्हर मिळाला. रोज यायचा हे खरंच होतं. सकाळी सहाला गेलेला रात्री नऊला यायचा, नळावर हातपाय धुवायचा, आणि जकात नाक्यावर, पोलिसापुढे, शेठपुढे दिवसभर गिळलेला सगळा राग आमटीतल्या मिठावर काढायचा. मीही काही गरीब गाय नव्हते. त्याच्या एकाला माझे दोन असायचे. शेजारीण भिंतीवर थाप मारायची तेव्हा आम्ही गप्प व्हायचो. मी मॅट्रिक झालेली, मला बालवाडीत शिकवायला जायचं होतं. त्याचं म्हणणं, मी घरी येतो तेव्हा घरात माणूस पाहिजे. बालवाडी दुपारी बाराला सुटते आणि तुम्ही रात्री नऊला येता, हा हिशोब मी त्याला कितीदा समजावला असेल. त्याला तो कधी पटला नाही.

मुलगी दोन वर्षांची असताना शेठनं ट्रक घेतला. मग अंबरनाथच्या एमआयडीसीतून केमिकलचे ड्रम भरून कधी पुणे, कधी नाशिक, कधी वापी. ही ड्युटी म्हणजे असून अडचण आणि नसून खोळंबा. मंगळवारी येतो म्हणालेला माणूस गुरुवारी पहाटे यायचा. त्याच्यासाठी आणलेले बोंबील मंगळवारी आम्ही दोघींनी खाल्लेले असायचे, आणि गुरुवारी त्याला डाळभात वाढताना माझीच चूक असल्यासारखं वाटायचं. आला की झोपायचा. मुलीला मी दिवसभर शूऽ शूऽ करत बाहेर ओट्यावर घेऊन बसायची. झोप पुरी झाली की उठून, चहा पिऊन परत माल भरायला. तो घरी किती तास होता हे मोजलं असतं तर बरेच भरले असते, पण ते सगळे घोरण्याचे.

मग शेठनं नॅशनल परमिटची गाडी काढली आणि त्याला कलकत्त्याच्या लाईनवर टाकलं. जायचं, माल खाली करायचा, परतीचं भाडं मिळेपर्यंत तिकडेच पडून राहायचं. वीस-बावीस दिवसांनी यायचा आणि चार-पाच दिवस राहायचा. पहिल्या फेरीला निघाला तेव्हा मी रडले, खरी रडले. तिसऱ्या फेरीला मी बालवाडीत रुजू झाले होते. आल्यावर त्याला सांगितलं, तर तो नुसता बरं म्हणाला. तीन आठवडे घरात नसणारा माणूस नको तरी कसा म्हणेल?

ते दिवस मला फार आवडले, हे आता सांगून टाकते. कंटाळा आला की आम्ही मायलेकी रात्री चहापाव खाऊन झोपायचो. रेडिओ हवा तेवढा वेळ चालायचा. मी वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि भाकरी करपेपर्यंत वाचायची. आणि तो यायचा तेव्हा सणच. मटण शिजायचं, त्यानं आणलेली सुती साडी नेसून मी मिरवायची, तो बिहारातल्या ढाब्यांच्या गमती सांगायचा. त्या चार दिवसांत त्यानं कधी आवाज चढवला नाही. मिठाबद्दल तर चकार शब्द नाही; एकदा मी मीठ घालायलाच विसरले होते तरी. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसा आमचा संसार त्या काळात दुरून साजरा झाला. रोज घरी येणाऱ्या माणसापेक्षा महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसावर मी जास्त माया केली. पाचव्या दिवशी तो बॅग भरायला लागला की मला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याखाली थोडं मोकळंही वाटायचं.

मुलगी तिसरीत असतानाची गोष्ट. चाळीखालच्या किराणा दुकानात फोन होता, आमचा निरोप तिथे यायचा. एका संध्याकाळी दुकानदारानं हाक मारली, शेठचा फोन आहे म्हणून. माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण नवरा आदल्याच दिवशी नागपूर सोडून पुढे गेला होता. पण शेठ खुशीत होता. अंबरनाथच्या एका फॅक्टरीचं काम त्याला मिळालं होतं. फॅक्टरी ते स्टेशनचं गोदाम, एवढ्याच फेऱ्या, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. गेटपाससाठी ड्रायव्हरचं नाव उद्याच द्यायचं होतं. पगार होता तेवढाच, पण लाईनचा भत्ता बंद होणार. घरच्यांना विचारल्याशिवाय मी लाईनवरून माणूस काढत नाही, शेठ म्हणाला, नंतर बायका माझ्या ऑफिसात येऊन भांडतात.

मग शेठच पुढे म्हणाला, "भाभी, छे महिने से मेरे पीछे पडा है वो. बोलतो, शेठ, रोज घर जायची ड्युटी द्या. बेटी बडी हो रही है. तो हां बोल दूं?"

सहा महिने तो मागे लागला होता आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता. कदाचित मिळालंच नाही तर मी हिरमुसेन म्हणून. मी रिसीव्हर धरून उभी होते आणि मला रात्री नऊ वाजताचा तो नळाचा आवाज ऐकू यायला लागला. पाच वाजता येणारा माणूस नऊला येणाऱ्यासारखा असेलच असं नव्हतं. पण बालवाडी, रेडिओ, पुस्तकं, सगळं डोळ्यांपुढे आलं.

मी म्हणाले, "नको शेठ. मुलीच्या शाळेचा खर्च आहे, भत्त्याशिवाय भागणार नाही. आणि त्यांनाही आता लाईनच बरी वाटते."

शेठनं पक्कं का म्हणून विचारलं. मी पक्कं म्हणून सांगितलं. दुकानदार ऐकत होता, म्हणून उगाच अर्धा किलो साखर घेतली आणि वर आले. साखर घरात भरपूर होती.

त्या फेरीवरून तो आला तेव्हा चार दिवस माझ्या जिवाला थारा नव्हता. चोराच्या मनात चांदणं. त्यानं नुसतं 'अगं' म्हटलं तरी मला वाटायचं, आता विचारतो. त्यानं काही विचारलं नाही. मोरीचा फुटलेला कठडा सिमेंट लावून नीट केला, मुलीच्या वह्यांना कव्हरं घातली आणि गेला. फक्त त्यानंतर त्यानं एक नवी रीत सुरू केली. आला की तो थेट वर यायचा नाही. खाली किराणा दुकानाच्या बाकावर बसायचा, आलोय असा निरोप वर पाठवायचा आणि दहा मिनिटांनी जिना चढायचा. मला ते सोयीचं झालं. पसारा आवरायला वेळ मिळायचा. बघा किती समजूतदार आहेत, असं मी शेजारणीला सांगायची.

पुढे सात वर्षं तो लाईनवर राहिला. दरवर्षी चौदा एप्रिलसाठी मुलीला कलकत्त्याहून बूट आणायचा, आणि ते दरवेळी एक नंबरानं लहान असायचे. पोर त्याच्यासमोर चार दिवस ते घालून लंगडायची आणि तो गेला की काढून ठेवायची. मला तिच्या पायाचं माप एका कागदावर लिहून त्याच्या खिशात घालता आलं असतं. त्याच्या येण्याजाण्याची मला इतकी सवय झाली होती की ते सुचलंसुद्धा नाही. तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तो ओरिसात कुठेतरी टायर बदलत होता.

शेवटी कमरेनं दगा दिला आणि त्यानं लाईन सोडली. तोवर आम्ही बदलापूरच्या टोकाला, खरवईत, नव्या बिल्डिंगीत दोन खोल्या घेतल्या होत्या. नव्या बांधकामांना पाण्याचे टँकर लागायचे, त्यातला एक तो चालवायला लागला. दुपारी चारला घरी. मुलगी नर्सिंगला गेली होती, वसतिगृहात राहायची. ज्या पोरीसाठी त्याला रोज घरी यायचं होतं, ती घरात नव्हती. मिठाबद्दल तो आताही बोलत नव्हता. त्याचं हे न बोलणं सोसायला मला जड जायला लागलं.

एका रविवारी आम्ही दोघं मेथी निवडत बसलो होतो. मी खाली मान घालून म्हणाले की त्या फॅक्टरीच्या ड्युटीचं तुम्हाला काही सांगायचं राहिलंय.

"माहितीये मला," तो म्हणाला. "त्याच फेरीला शेठ बोलला. तुझी बायको नको बोलली म्हणून."

त्यानं रागावून सांगितलं असतं तर मला जमलं असतं. त्याची मला सवय होती. मी विचारलं, मग इतकी वर्षं मला विचारलं का नाहीत?

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

तो पुन्हा मेथी निवडायला लागला. मला रडू आलं, पण रडायचा हक्क माझा नव्हता, म्हणून मी पानं खुडत राहिले. थोड्या वेळानं त्यानं हातातली काडी खाली ठेवली आणि विचारलं, "आता रोज असतो घरी. चालतं ना तुला?"

मी हो म्हणाले. घर तुमचंच आहे, असंही म्हणाले. पण हो म्हणायच्या आधी मी थांबले. फार नाही, थोडीशीच, आणि तो माझ्याकडेच बघत होता.