गणपतराव मास्तरांनी न केलेली तार

गणपतराव उमाठे महाल नावाच्या वस्तीतल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. हा विषय पोरं झोपेसाठी राखून ठेवतात, पण मास्तरांच्या तासाला डुलकी घ्यायची कोणाची छाती नव्हती. राज्यघटनेचं एक्कावन्नावं कलम तर ते घरची गोष्ट सांगावी तसं सांगत. जगात शांतता नांदावी म्हणून इतर देशांच्या खांद्याला खांदा लावणं हे आपल्या देशाचं कर्तव्य! "शेजाऱ्याचं घर पेटलं तर खाटेवर पडून राहाल काय गा?" असं ते दरडावून विचारत.

म्हणून एकुलता एक मुलगा रवींद्र फौजेतर्फे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून गाझाला गेला, तेव्हा मास्तरांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पत्र आलं की पानठेल्यावर वाचून दाखवत. "इथंही संत्री पिकतात, आपल्यासारखीच," हे वाक्य तर त्यांनी महालभर फिरवलं.

सदुसष्टच्या मे महिन्यात रेडिओवरच्या बातम्या बिघडल्या. शांतिसेनेला निघून जायला सांगितलं होतं आणि सरहद्दीच्या दोन्हीकडे फौजा जमत होत्या. मास्तरांची बायको देवकीबाईही ते ऐकत होत्या. त्यांना भूगोल ठाऊक नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. फौजेत पोरगं असलेल्या घरांत एक रीत असते. त्याला घरी बोलवायचं असलं की तार ठोकायची: आई सिरियस, लवकर ये. साहेबलोकांना हे ठाऊक असतं, तरी कधीकधी सुटी मिळून जाते.

"तार करा जी," देवकीबाई म्हणाल्या. "मरायले टेकली म्हणा. मले काही नाही होत त्यानं."

"खोटं कसं लिहू? साऱ्याच बापांनी असं केलं तर तिथं उभं कोण राहीन? देशानं जगाले शब्द देला आहे."

"देशाले लय पोरं आहेत. मले एकच आहे."

मास्तर भर उन्हात तार ऑफिसात गेले मात्र. फॉर्म घेतला, बायकोचं नाव लिहिलं आणि फाडून टाकला. घरी येऊन म्हणाले, "फौज परत येऊनच राहिली. पंधरा दिवसांत येते तो."

पाच जूनला लढाई जुंपली. शांतिसेनेतले बरेच जण अजून तिथंच होते. रवींद्रही होता, आणि तो त्यात गेला. त्याचा अंत्यविधी तिकडंच झाला, घरी नुसती त्याच्या सामानाची पत्र्याची पेटी आली.

तार केली असती तरी सुटी मिळालीच असती असं नाही, असं सगळे मास्तरांना सांगत. असलं समाधान शिव्यांपेक्षा वाईट. मास्तर ऐकून घेत आणि आतून जळत.

ऑक्टोबरात शाळेनं संयुक्त राष्ट्र दिनाला त्यांनाच बोलायला उभं केलं. त्यांनी कलम तोंडपाठ म्हटलं. स्वतःचाच आवाज त्यांना परक्याचा वाटला. टाळ्या पडल्या, गळ्यात हार पडला.

घरी देवकीबाईंनी ताट वाढलं. चार महिन्यांत त्या या विषयावर अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"एक विचारू काय जी? तिथली लढाई थांबली न आता? आपला गेला, तं थांबली असन न?"

तीनच दिवसांआधी तिथल्या समुद्रात एक जहाज बुडवल्याची बातमी मास्तरांनी रेडिओवर ऐकली होती. मेलेल्यांचा आकडाही ऐकला होता.

"थांबली," मास्तर म्हणाले.

"मंग ठीक आहे," म्हणत देवकीबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.